कुसाबाई आणि न आलेली माणसं

दारूबंदीच्या मतदानाला जी बाई आलीच नाही, तिचं मत कुठल्या बाटलीला पडतं, ठाऊक आहे का तुम्हाला?

नाही ना? मग ऐका. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्याकडे बायांचं मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इथवर सगळ्यांना माहीत असतं, पुढची मेख कुणी सांगत नाही. आलेल्या बायांतल्या निम्म्यांनी आडवी करून भागत नाही. गावच्या मतदारयादीत जितक्या बाया आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या लागतात. म्हणजे जी कामाला परगावी गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी ‘मला काय करायचंय’ म्हणत भांडी घासत बसली, तिनं घरबसल्या उभ्या बाटलीला मत दिलं. आपण दारूवाल्याला निवडून दिलं याचा तिला पत्ताही नसतो.

कुसाबाईला ही मेख कळली ती पहिल्या मतदानाच्या संध्याकाळी. गाव सायखेड्याजवळचं, गोदाकाठचं. नाव सांगत नाही. तिथला दुकानदार अजून जिवंत आहे आणि त्याला वाचता येतं. त्या दिवशी कुसाबाई सकाळपासून शाळेच्या दारात छत्री टेकून उभी होती, कोण आली आणि कोण नाही ते बघत. आडव्या बाटल्यांचा ढीग उभ्यांच्या तिप्पट निघाला. बायांनी हलगीवाल्याला निरोप धाडला. आणि मतमोजणीच्या साहेबांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, “बंदी नामंजूर.”

“आवो साहेब, डोळे हायेत ना? ढीग बघा की!”

“बाई, यादीतल्या निम्म्या बाया आल्याच नाहीत.”

“त्या दिंडोरीकडं गेल्यात, द्राक्षं तोडायला. दारू प्यायला नाय गेल्या.”

“जी आली नाही ती उभी. नियम आहे.”

हे वाक्य कुसाबाईनं शिवीसारखं ऐकलं आणि मंत्रासारखं पाठ केलं.

दुसऱ्या मतदानाला तिनं द्राक्षांचा मोसम टाळून तारीख मागितली. बाहेर कामाला असलेल्या बायांना आणायला टेम्पो ठरवला. टेम्पोवाल्यानं आदल्या दिवशी पाय मागं घेतला, तर त्याच्या आईला जाऊन भेटली. एवढं सगळं करून ऐन मतदानाच्या दिवशी स्वतः तापानं फणफणून निफाडच्या दवाखान्यात सलाइन लावून पडली. तरी दुकान बंद झालं. गावानं सत्कार केला. भाषणात कुसाबाईनं टेम्पोचं श्रेय टेम्पोला दिलं आणि बाकीचं स्वतःला.

शिक्षण सातवी. कायदा शिकली ती तहसील कचेरीच्या पायरीवर बसून, दुसऱ्यांची भांडणं ऐकून. हातात बारा महिने काळी, लांब दांड्याची छत्री. पावसाळ्यात ती उघडते, बाकीच्या दिवसांत तिच्या टोकानं हातभट्टीचे ड्रम फोडते. एका साहेबानं विचारलं होतं, “बाई, ही छत्री कशाला, ऊन कुठंय?” ती म्हणाली, “तुमच्यासाठी आणलीय.” साहेबांनी सही केली.

गावात मात्र पाठीमागं एक बोलणं होतंच. बाई समोरून गेली की पारावरचे हळूच म्हणायचे, “कुसाबाईनं गाव कोरडं केलं, जावई ओला.”

ते खोटं नव्हतं. जावई म्हणजे दीपक, नाशकात वेल्डर. द्राक्षबागांच्या मांडवाला जे लोखंडी अँगल लागतात ते जोडायचा, आणि हात मोकळे झाले की प्यायचा. कुसाबाईची मुलगी सायली दोन दिवाळ्यांमागं कपड्यांची पिशवी घेऊन माहेरी आली आणि द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. कुसाबाईनं विचारलं नाही. तिला सगळं आधीच माहीत असतं, असा तिचा समज होता.

तर एका रविवारी हा दीपक ओट्याशी येऊन उभा राहिला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. कुसाबाईनं आधी वास घेतला. लपूनछपून नाही, सरळ तोंडाजवळ नाक नेऊन. मग म्हणाली, “बोला दीपकराव.”

“मामी, सायलीला न्यायला आलोय. मी सोडली.”

“ही कितवी बारी?”

“या बारीला मीटिंगला जातो. पेठ रोडला, शाळेच्या खोलीत, मंगळवारी संध्याकाळी. पिणारेच असत्यात सगळे. म्हंजे, पिणारे होते असे. बारा पायऱ्या असत्यात.”

“रामकुंडालाबी पायऱ्या हायेत. लोक उतरत्यात आन् तसेच वर येत्यात. तुमची पहिली पायरी कोणती?”

“आपण दारूपुढं हतबल आहोत, हे कबूल करायचं.”

कुसाबाईचं डोकं तिथंच फिरलं. उभी हयात बायांना सांगत फिरली, की बायांनो तुम्ही हतबल नाही. उन्हातान्हात, मार खाऊन, केसेस अंगावर घेऊन. आणि हे बाप्ये पहिल्याच पायरीवर हतबल! “आन् दुसऱ्या पायरीवर काय, झोपायचं?”

दीपकनं खिशातून एक नाणं काढलं. इतके महिने न पिता राहिल्याबद्दल मीटिंगमध्ये मिळालेलं. कुसाबाईनं ते उलटंपालटं केलं. “हे दुकानात चालतं का?”

“नाय.”

“मग इथंबी नाय चालायचं. पुरावा आणा. किती माणसं गेली आन् किती सुटली.”

“मामी, तिथं कुणी मोजत नाय. नावंसुदीक बाहेर सांगत नायत.”

“मग मी मोजते.”

सायली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “मोज आई. पण जायचं का नाय, ते मी ठरवणार.” आणि आत गेली. दीपकला चहा मिळाला, पण बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून त्यानं तो उभ्यानंच प्यायला.

कुसाबाईचं तत्त्व असं, की शत्रूची कागदपत्रं आधी वाचावीत. तिनं योगिनीला बोलावलं. योगिनी गावातलीच, नाशकात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिच्या बापाशी आपण भांडलो म्हणून ती शिकली, असं कुसाबाई म्हणते. बाबा तसेही शिकवणारच होते, असं योगिनी म्हणते. दोघींचं जमतं.

“इंटरनेटवर बघ, हे बारा पायऱ्यांचं खरं का थोतांड. एका शब्दात सांग.”

योगिनी पुढच्या रविवारी आली, पण एक शब्द घेऊन नाही. “काकू, दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, शंभर गेले तर पाच-दहाच टिकतात. दुसरी म्हणते, मनापासून करणाऱ्या चौघांतले तिघं सुटतात.”

“खोटं कोण बोलतंय?”

“कोणी नाही. भागाकार वेगळा आहे. पहिली पार्टी दारातून एकदा डोकावून गेलेल्यालाही मोजते. दुसरी फक्त टिकलेल्यांना मोजते, आणि म्हणते, बघा, टिकलेले टिकले.”

“म्हंजे पास झालेल्या पोरांचा निकाल शंभर टक्के.”

“तेच. शिवाय जो आपण होऊन मीटिंगला जातो, त्याच्या मनात सोडायचं आधीच असतं. मग त्याला पायऱ्यांनी सोडवलं की मनानं, ते कसं कळणार? म्हणून काहींनी चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी निघाली तर पायऱ्यांकडे न्यायचं, दुसरी निघाली तर दुसरा उपचार. मर्जी कोणाचीच नाही.”

“हां. हे बरं केलं.”

“असे बरेच अभ्यास एकत्र करून काही वर्षांपूर्वी एक मोठा आढावा निघाला. तो म्हणतो, दारू पूर्ण सुटायच्या बाबतीत पायऱ्यावाले इतर उपचारांपेक्षा थोडे पुढं. बाकी, म्हणजे प्यायला तर किती प्यायला, घरादाराचं किती नुकसान झालं, त्यात साधारण बरोबरीत. पण त्याच्याही आधी एक आढावा झाला होता. तो म्हणाला होता, काहीच सिद्ध होत नाही.”

“थोडे पुढं म्हंजे किती? दुकान बंद होईल इतके?”

“नाही हो. थोडे म्हणजे थोडे. आणि तेही नुसतं ‘जा रे मीटिंगला’ म्हणून हाकललेल्यांचं नाही. ज्यांना कोणीतरी हाताला धरून नेलं, तिथल्या माणसांशी जोडून दिलं, मागं राहून विचारपूस केली, त्यांचं मुख्यतः. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत.”

“तिकडचे बेवडे वेगळे का?”

“तिकडच्या सासवा वेगळ्या असतील.”

कुसाबाईनं तिकडं दुर्लक्ष केलं. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. “मधेच गळाले त्यांचं काय केलं?”

“चांगल्या अभ्यासात, जो नंतर सापडला नाही तो प्यायला, असं धरतात.”

कुसाबाई उठून उभी राहिली. “जी आली नाय ती उभी!” अमेरिकेनं आपला नियम उचलला याचा तिला इतका आनंद झाला, की ती स्वतः चहा टाकायला आत गेली. त्यामुळे योगिनीचं पुढचं वाक्य तिच्या पाठीला ऐकू आलं. ते असं होतं: “पण ते धरायचं असतं काकू, आपणच आपल्याला फसवू नये म्हणून. तो खरंच प्यायला, असा त्याचा अर्थ नाही. आणि हे शंभरांचं सांगतं. एकट्या दीपकचं काही सांगत नाही.”

“साखर कमी का जास्त?” आतून आवाज आला.

मंगळवारी कुसाबाई बस पकडून नाशकात उतरली. पेठ रोडच्या त्या शाळेसमोर खंडेराव नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. पुढं एक बाकडं. तिथून शाळेचं फाटक सरळ दिसतं. कुसाबाई बाकड्यावर बसली, छत्री दोन पायांत उभी धरली, वर दोन्ही हात ठेवले. दारूच्या गुत्त्यांसमोर ती अशीच बसत आली होती. कोण आत जातं ते नुसतं बघायचं, बोलायचं नाही. निम्मे गुत्ते तिनं तसेच बसून बंद पाडले होते. हे तिच्या कामाचं शस्त्र होतं आणि ते तिनं इथं आणलं, कारण तिच्याकडे दुसरं नव्हतं.

“मावशी, कुणाची वाट बघता?” खंडेरावनं विचारलं.

“कुणाची नाय. मोजते.”

“काय?”

“माणसं.”

खंडेराव जुना टपरीवाला. पुढं विचारायचं नाही हे त्याला कळतं.

एक शिडशिडीत माणूस किटली घेऊन आला, खोलीचं कुलूप उघडलं, खुर्च्या मांडल्या. खंडेरावकडून कळलं, हा बुद्धभूषण. द्राक्षबागेत फवारणीचे ब्लोअर असतात, ते दुरुस्त करतो. मीटिंगचं सगळं तोच बघतो. मग एकेक जण यायला लागले. रिक्षावाले, एक कोटवाला, एक तर साक्षात मास्तर दिसत होता. दोन्ही हातांची बोटं संपली तरी माणसं येतच होती. दीपक आला. सासूला बघून थबकला, हात जोडले आणि आत गेला.

आणि त्यांच्यात एक ओळखीचं तोंड निघालं. पुंजाराम! गोदाकाठच्या करंजाच्या झाडीत हातभट्टी लावणारा, जिचे ड्रम कुसाबाईनं स्वतः फोडले होते, तो पुंजाराम. विकता विकता स्वतःच गिऱ्हाईक झाला होता, एवढं तिनं ऐकलं होतं. त्यानं छत्री बघितली. आधी छत्री, मग बाई. फाटकापर्यंत आलेली लुना त्यानं न थांबवता सरळ पुढं काढली.

“एक गळाला,” कुसाबाईनं मनात नोंद केली.

दुसऱ्या मंगळवारी एका हाताच्या बोटांत भागलं. लोक फाटकाशी यायचे, समोर बघायचे, मोबाइल कानाला लावायचे आणि चालू पडायचे. एकानं खंडेरावला एका अशा हॉस्पिटलचा पत्ता विचारला जे नाशकात नाही. पुंजाराम दिसलाच नाही. दीपक आला.

तिसऱ्या मंगळवारी बुद्धभूषण आणि आणखी दोघं. दीपक नाही.

कुसाबाई बसून राहिली. खोलीतला दिवा, मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या, सगळं दिसत होतं. तिला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. गुत्ता ओस पडला की वाटायचं तसं. ते काही वाटेना. पण निकाल तो निकाल.

बुद्धभूषण दोन कप घेऊन रस्ता ओलांडून आला. एक तिच्यापुढं धरला.

“ताई, आत या ना. महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी घरच्यांनाही बसता येतं.”

“मी पीत नाय.”

“आम्हीपण नाही.”

“माणसं कुठं गेली तुमची?”

“येतील.”

“दीपक कुठंय?”

“कोण आलं, कोण नाही, ते आम्ही सांगत नाही, ताई.”

“आवो, मी सासू हाय त्याची!”

“पोलिसांनाही नाही सांगत. तुम्हाला कसं सांगणार?” तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचा कुसाबाईला संताप आला. भांडणारा माणूस तिला समजतो. “फक्त एक म्हणतो. इथं बसू नका.”

“रस्ता सरकारचा हाय.”

“हो. बाकडं खंडेरावचं आहे, पण ते राहू द्या.” आणि रिकामा कप घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली चुलीपुढं भाकरी थापत होती. कुसाबाईनं निकाल जाहीर केला. “संपलं. प्यायला तो.”

“कुणी बघितलं?”

“मीटिंगला आला नाय.”

“आला नाय, हे तू बघितलं. प्यायला, हे कुणी बघितलं?”

“सायले, जो आला नाय तो उभा. अमेरिकेतबी हाच नियम हाय. योगिनीला विचार.”

सायलीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तू बसली कुठं होतीस?”

“समोर. टपरीवर.”

“छत्री घेऊन?”

“मग काय हातात फूल घेऊन बसू?”

“आई, पहिल्या मतदानाला मी आले होते का?”

“तू कशी येशील? नाव इथल्या यादीत होतं, पण त्या मेल्यानं सोडलंच नाय तुला नाशकातून.”

“सोडलं होतं. मी आले होते. फाट्यावर उतरले, चालत शाळेपर्यंत आले. डोळा सुजलेला होता माझा. दारात तू उभी होतीस. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत होतीस. गावाला बंदी कर म्हणणारीची पोर, आन् तोंड असं घेऊन तुझ्यासमोरून, सगळ्या बायांसमोरून...” तिनं भाकरी उलटली. “मी परत फिरले. मिळाली त्या जीपनं गेले. तर मी कुठल्या बाटलीची, आई?”

कुसाबाईनं आजवर तहसीलदाराला उत्तर दिलं होतं, फौजदाराला दिलं होतं, एका आमदाराला तर माइकवरून दिलं होतं. इथं तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

म्हणाली, “दुसऱ्या बारीला आलीस ना पण.”

“दुसऱ्या बारीला तू निफाडला होतीस.”

सायलीनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. भाकरी निखाऱ्यावर धरली, ती टम्म फुगली.

“आणखी कोण कोण फिरलं व्हतं?” कुसाबाईनं विचारलं.

“मी नावं नाय सांगत,” सायली म्हणाली. मग आईच्या तोंडाकडं बघून जरा मऊ झाली. “टेम्पो चांगला होता, आई. टेम्पोचा उपयोग झालाच.”

कुसाबाईनं न जेवता बस धरली. छत्री घेतली, कारण सवय. दीपक दिंडोरी रोडच्या शेडमध्ये वेल्डिंग करत होता. तिला बघून त्यानं डोळ्यांवरची काच वर केली.

“काल कुठं व्हतात दीपकराव?”

“मीटिंगला.”

“मी तिथंच व्हते.”

“नाशिकरोडच्या मीटिंगला, मामी. तिथंबी असती. निमाणी स्टँडवरून बस मिळती.”

“इथली सोडून तिथं कशाला?”

दीपकनं छत्रीकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. “तुम्ही मला बघायला येता, ते मला चालतं. माझं कर्मच तसं हाय. पण बाकीचे तुम्हाला बघून बाहेरच्या बाहेर परत जायला लागले. माझ्यापायी त्यांची मीटिंग मोडायला लागली. म्हटलं, मी तिकडं गेलो तर तुम्ही इथून उठाल.” त्यानं हातमोजा काढला. “त्यातला एक जण पहिल्या मंगळवारपासून कुठंच गेला नाय. नाव सांगत नाय मी. पण तुम्ही त्याचे ड्रम फोडले व्हते.”

कुसाबाईनं सवयीनं वास घेतला. वेल्डिंगच्या धुराशिवाय काही आलं नाही. आणि बुधवारच्या वासावरून मंगळवार कळत नाही, एवढं तिला कळत होतं. हा खरं बोलत असेल. खोटंही बोलत असेल. नाशिकरोडला जाऊन विचारलं तर तिथलाही कोणी बुद्धभूषण म्हणणार, आम्ही नावं सांगत नाही. जगातले सगळे अभ्यास एकत्र केले तरी या एका मंगळवारचा पुरावा तिला मिळणार नव्हता.

“काम चालू ठेवा,” ती म्हणाली, आणि निघाली.

पुंजारामचं घर तिला माहीत होतं. ड्रम फोडायला तीच गेली होती. तो ओसरीवर बसला होता आणि वास दारापासूनच येत होता. इथं नाक जवळ न्यायची गरज नव्हती. छत्री बघून तो उठायला गेला, पण पायांनी साथ दिली नाही.

“आता काय फोडायला आली, कुसाबाई? काय राहिलं नाय.”

“किती दिवस झाले?”

“कशाला?”

“परत लागून.”

त्याची बायको आतून म्हणाली, “लय दिवस सरळ चालला व्हता. दर मंगळवारी नाशकाला जायाचा. मग एका मंगळवारी लवकरच माघारी आला, आन् आला तो असा.”

कुसाबाई ओसरीच्या कडेला बसली. माफी मागणं तिला येत नाही. त्याचा सराव नाही. ती म्हणाली, “पुंजाराम, येत्या मंगळवारी मी तुला न्यायला येणार.”

“पोलीस ठाण्यात?”

“मीटिंगला.”

पुंजारामला हसू आलं. “तू? मला?”

“हाताला धरून न्यावं लागतं, असं अमेरिकेत निघालंय. निमाणीपर्यंत मी येईन. पुढं तुझा तू जायचं. मी समोर बसणार नाय.”

“आन् ड्रमचं काय?”

“ड्रम फोडले ते बरंच केलं,” कुसाबाई म्हणाली. तिथं ती मागं हटणार नव्हती.

मंगळवारी ती त्याला घेऊन बसमध्ये चढली. छत्री घरी, खुंटीला. हाताला काहीतरी विसरल्यासारखं सारखं वाटत होतं. पुंजारामनं चांदोरीला उतरायचं म्हटलं, मग ओझरचा एक पाहुणा आजारी असल्याचं सांगितलं, मग लघवीला लागल्याचं. कुसाबाईनं खिडकीबाहेर बघत सगळ्याला “बरं” म्हटलं आणि पाय आडवे घालून बसली. निमाणीला उतरले. पेठ रोडकडं तोंड करून तिनं त्याला उभं केलं.

“जा.”

तो गेला. थोडं चालून त्यानं मागं वळून बघितलं, बाई येतेय का. बाई आली नाही. तिनं स्टँडवरच्या टपरीवर चहा सांगितला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. तो फाटकातून आत गेला, की अलीकडं डावीकडं वळून बारमध्ये गेला, हे तिला माहीत नाही. त्या मंगळवारी खुर्च्या किती भरल्या, तेही माहीत नाही. खंडेरावला विचारता आलं असतं. विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक आकडा हातचा सोडला, आणि तो सोडताना तिला फार राग आला.

घरी आल्यावर सायलीनं विचारलं, “मग? उपयोग होतो का त्या मीटिंगचा?”

“थोडा,” कुसाबाई म्हणाली. “थोडे म्हंजे थोडे. कुणी नेलं तर जास्त. आन् कुणी दारात उभं राह्यलं तर नाय.”

“आन् दीपकचं?”

“त्याचं कुठं लिहिलेलं नाय.”

सायलीनं मान हलवली. ती म्हणाली, द्राक्षांचा मोसम संपला की मी नाशकात खोली घेणार. माझी खोली. तो त्याच्या खोलीत, मी माझ्या. रविवारी त्यानं चहाला यायचं, आणि या वेळी बसून प्यायचा. पुढचं पुढं. कुसाबाईला हे अजिबात पटलं नाही. तिनं तसं सांगितलं. सायलीनं ऐकून घेतलं. खोली बघायला दोघी मिळून गेल्या, आणि घरमालकाशी भांडण कुसाबाईनंच केलं.

पुंजाराम कधी येतो, कधी नाही. कुसाबाई दर मंगळवारी निमाणीपर्यंत जाते. तिथून पुढं एक पाऊल नाही.

आता तुम्हाला एक सांगणं आहे. पेठ रोडनं मंगळवारी संध्याकाळी जाताना एका शाळेच्या एकाच खोलीत दिवा दिसेल. समोरच्या टपरीवर चहा चांगला मिळतो, मला माहीत आहे. आत काय चाललंय, कोण येतं, कोण गळालं, ते बघावंसं वाटेल. कृपा करून तिथं थांबू नका. तुमच्या ओळखीतलं कोणी असेल तर त्याला हाताला धरून कोपऱ्यापर्यंत आणून सोडा, आणि चहा पुढच्या चौकात, पाठ करून प्या.